तिसऱ्या कडव्याच्या टाळ्या

पत्र्याच्या ट्रंकेत एकतीस कॅसेट होत्या. त्यातल्या बावीस एकाच नावाच्या, ‘उजाडलं दारी’. निळ्या कव्हरवर गोलात हिराबाईंचा फोटो, कपाळावर केस चापून बसवलेले. बावीसपैकी तीन अजून कागदात गुंडाळलेल्या होत्या आणि एकीची टेप बाहेर येऊन तिच्या शेवया झाल्या होत्या. उरलेल्या नऊंपैकी सहा दुसऱ्या गायकांच्या, दोन घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या आणि एकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. कॅसेटखाली सत्काराच्या सात शाली होत्या, सातही घडी न मोडलेल्या. सगळ्यात तळाशी पितळी झांजांची जोडी होती.

उत्कर्षाने हे सगळं सतरंजीवर ओळीने मांडलं आणि पुन्हा एकदा मोजून घेतलं.

“नीट मोज,” हिराआत्या आतून म्हणाली. “एखादी शाल पळून गेली असंल.”

“सातच आहेत.”

“आता आठवी येईल. थंडीची सोय झाली.”

आठवी शाल येणार होती, त्यासाठीच तर ट्रंक उघडली होती. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती आणि हडपसरला गाडीतळामागच्या वस्तीतल्या विहारासमोर ऑक्टोबरात मोठा कार्यक्रम ठरला होता. वस्तीची गायिका म्हणून हिराबाईंचा सत्कार व्हायचा होता. सत्काराच्या वेळी त्यांचं गाणं मोठ्या स्पीकरवर लावायचं होतं आणि जुन्या कॅसेटची चांगली सीडी करून द्यायचं काम समितीचा चिटणीस धम्मदीप याने उत्कर्षाच्या गळ्यात घातलं होतं. कारण उघड होतं. उत्कर्षा फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती आणि खराडीच्या एका कंपनीत परदेशी जाणाऱ्या फोनचा आवाज स्वच्छ पोचतो की नाही हे तपासत होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि समोर आवाजाचे आलेख. तिची आई वस्तीत सांगायची, “पोरगी लोकांचे फोन ऐकते.” त्यामुळे निम्मी वस्ती तिला पोलिसात आहे असं समजून होती.

सत्काराला हिराआत्याने होकार दिला होता, पण एका अटीवर. मला गायला सांगायचं नाही.

ही अट नवी नव्हती. हिराआत्या म्हणजे उत्कर्षाच्या वडिलांची थोरली बहीण. औषधाच्या कारखान्यात गोळ्या भरण्याच्या खात्यात तिने नोकरी केली, आणि सुट्टीच्या दिवशी जिथे बोलावणं येईल तिथे गायली. गाणी स्वतःच जुळवायची. ढोलकीला बजरंग, त्याच कारखान्यात लेथवर काम करणारा. ब्याण्णव साली एका कॅसेट कंपनीने दोघांना बोलावून एका दिवसात आठ गाणी रेकॉर्ड करून घेतली, आणि बघता बघता ‘उजाडलं दारी’ रिक्षांतून, लग्नाच्या मांडवांतून, रसवंतीगृहांतून हडपसरपासून पार सोलापूरपर्यंत वाजायला लागली.

त्यातलं मुख्य गाणं पाटी हातात आलेल्या पोरीचं होतं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात एक ओळ एकदम वर चढायची: ‘वर बघ पोरी, आभाळ तुझ्याच उंचीचं.’ वस्तीतल्या बायका कॅसेटबरोबर सगळं गाणं म्हणायच्या, पण या ओळीला कुणाचा गळा पोचायचा नाही. मग ओळ आली की सगळ्या गप्प व्हायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. ओळ संपली की पुन्हा गायला लागायच्या. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लहान पोरांना टाळ्या म्हणजे गाण्याचाच भाग वाटायचा. उत्कर्षालाही लहानपणी तसंच वाटायचं.

गोम अशी की खुद्द हिराआत्यालाही ती ओळ पुन्हा जमली नाही. कॅसेट गाजल्यावर कार्यक्रम वाढले. लोक म्हणायचे, अगदी कॅसेटसारखं होऊ द्या. पेटीवाला कॅसेट ऐकून तिची पट्टी काढायचा, ती निघायची पांढरी सहा. हिराआत्या तर काळी चारमध्ये गाणारी. तिने मनाशी ठरवलं, स्टुडिओतली पेटी चढी लागली असणार, आणि त्या दिवशी आपल्याला ते जमून गेलं असणार. एकदा जमलं ते पुन्हा जमलं पाहिजे. पण एका कार्यक्रमात त्या ओळीला तिचा आवाज चिरकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, “कॅसेटमधली बाई दुसरीच हाय वाटतं.” लोक हसले. पुढच्या कार्यक्रमात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मग तिने झांजा ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, गळा गेला.

गळा गेला म्हणणारी ही बाई तांदूळ निवडताना मात्र गुणगुणायची. उत्कर्षाने एकदा तसं म्हणून दाखवल्यावर तिला उत्तर मिळालं होतं, “ते गाणं नव्हं. ते खडे दिसावेत म्हणून.”

*

शनिवारी दुपारी धम्मदीपने कुठूनतरी आणलेला डेक कॉम्प्युटरला जोडून उत्कर्षा कामाला बसली. पहिली कॅसेट चढवली, गाणं आत घेतलं. गाण्यामागे बारीक, एकसुरी घरघर होती. तिचं तिला नवल वाटलं नाही. विजेवर चालणारी यंत्रं आणि त्यांच्या वायरी मायक्रोफोनजवळ असल्या की विजेचा सूर रेकॉर्डिंगमध्ये उतरतोच. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून तो सूर पन्नासचा. कंपनीत ती अशी घरघर रोज काढत असे. तिने सवयीने पन्नासवर चाळणी लावली.

घरघर गेली नाही.

तिला वाटलं, चाळणी बिघडली. पुन्हा लावली. मग तिने आलेख मोठा करून पाहिला. घरघरीची रेघ पन्नासवर नव्हतीच, ती त्रेपन्नवर होती.

वीज थोडी खालीवर होते, हे तिला ठाऊक होतं. एकोणपन्नास होईल, फार तर एक्कावन्न. त्रेपन्न झाली तर सगळ्या शहरातले दिवे विझतील. मग डेक जोरात पळत असेल? तिने त्याच डेकवर इंग्रजी शिकवणारी कॅसेट लावली. एक गृहस्थ सावकाश म्हणत होते की माझे काका स्टेशनवर गेले आहेत, आणि काकांच्या मागे घरघर होती, बरोबर पन्नासवर. तिने ‘उजाडलं दारी’च्या आणखी तीन प्रती लावून पाहिल्या. तिन्ही त्रेपन्न.

म्हणजे वीज ठीक होती, डेकही ठीक होता. कॅसेट बनवतानाच गाणं शेकडा सहाने पळवलेलं होतं. आणि गाणं पळवलं की वेगाबरोबर सूरही चढतो. शेकडा सहा म्हणजे पेटीवरची नेमकी एक पट्टी. काळी चारची पांढरी सहा.

उत्कर्षा उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली. घरघर पन्नासवर येईल इतकं तिने गाणं सावकाश केलं आणि हेडफोन लावला.

लहानपणापासून तिला जो आवाज पाठ होता, बारीक आणि ताणलेला, तो तिथे नव्हता. आता एक भरदार, ऐसपैस आवाज गात होता. हा आवाज ती रोज ऐकत होती. चहा गार होतोय म्हणून आतून हाक मारणारा, दूधवाल्याशी हुज्जत घालणारा. तिसरं कडवं आलं. ‘वर बघ पोरी.’ ओळ वर गेली आणि तिथे आरामात टेकली, ओट्यावर घागर टेकावी तशी.

तिने ते पाच वेळा ऐकलं. पण ती ज्या कामात होती तिथे अंदाजाला किंमत नव्हती. ज्याने हे केलं त्याच्या तोंडून ते ऐकायला हवं होतं.

*

कॅसेट कंपनी कधीच बंद पडली होती. तिचे मालक अनंतशेठ आता स्वारगेटला मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि रिचार्ज विकत होते. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर शेठना श्वास आत घ्यावा लागे.

“काय हवंय?”

“थोडी माहिती हवी होती.”

“चौकशीची खिडकी समोर डेपोत आहे. तिथेही मिळत नाही, पण निदान रांग असते.”

उत्कर्षाने निळ्या कव्हरची कॅसेट काउंटरवर ठेवली. शेठनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

“हिराबाई! अहो, या बाईंनी माझ्या घरावर दुसरा मजला चढवला. तुम्ही कोण?”

“भाची. एक विचारायचं होतं. हे रेकॉर्डिंग तुम्ही पळवलं होतं का?”

शेठ लाजले नाहीत, चिडलेही नाहीत. “पळवलं होतं. सगळेच पळवायचे. साठ मिनिटांची कॅसेट, बाईंची गाणी त्रेसष्ट-चौसष्ट मिनिटांची. नव्वदची टेप घ्यावी तर महाग, गिऱ्हाईक घेणार नाही. मग काय कापू? तिसरं कडवं कापू?”

“नको.”

“तेच म्हणतो मी. त्यापेक्षा टेप जरा दामटायची. आवाज तरुण होतो, ढोलकी फडफडते, पब्लिक खूश.”

“आत्याला सांगितलं होतं?”

“त्यांना आवडलं असतं का?”

“नाही.”

“मग?” शेठनी एका पोराला चार्जर दिला आणि वळून विचारलं, “गातात ना अजून?”

उत्कर्षाने सांगितलं. पांढरी सहा, चिरकलेला आवाज, मागून आलेलं वाक्य, ट्रंकेतल्या झांजा. एवढ्या लहान दुकानात एवढं सगळं बोलणं मावत नव्हतं, तरी तिने सगळं सांगितलं. शेठ बराच वेळ कॅसेट उलटी-सुलटी करत राहिले.

“तीन-साडेतीन मिनिटांसाठी,” ते शेवटी म्हणाले. मग म्हणाले, “कार्यक्रम कधी आहे? मी येईन. मागे उभा राहीन.”

“पुढे खुर्च्या आहेत.”

“पुढे बसलो तर बाईंना दिसेन.”

*

आता आत्याला सांगायचं. उत्कर्षाला वाटलं होतं हे सोपं असेल. पण रविवारी ती लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेली तेव्हा बजरंगमामा आणि धम्मदीप तिथे बसले होते, आणि तिच्या लक्षात आलं की या शोधाला दुसरंही टोक आहे.

कॅसेटमुळे हिराआत्याचा गळा गेला, पण बजरंगमामांचा हात प्रसिद्ध झाला होता. तो वेग, ते बोल. ढोलकी शिकणारी पोरं ती कॅसेट घासून घासून ऐकायची. मामा स्वतःही कुणाला सोडत नसत. आताही ते धम्मदीपला ऐकवत होते, “आजकालची पोरं वाजवतात व्हय? डास मारतात. वेग ऐकायचा तर आमची कॅसेट ऐक. इंजिनाला पळवंल, असा हात हाय.”

“ते खरंय मामा,” धम्मदीप म्हणाला. “कॅसेटचा टेम्पो एकदम क्लास आहे. मुलींचा डान्स त्याच्यावरच बसवलाय.”

उत्कर्षाने लॅपटॉप उघडला, पुन्हा मिटला.

“काय गं?” आत्याने विचारलं. “सीडी बिघडली?”

“बिघडली नाही. आत्या, तू काळी चारमध्येच गायली होतीस.”

“तेच तर म्हणते मी. पण पेटी चढी असणार.”

“पेटी बरोबर होती. कॅसेट चढी आहे.” आणि मग तिने घरघर, पन्नास, त्रेपन्न आणि अनंतशेठ हे सगळं ओळीने सांगितलं. पुरावा म्हणून आधी कॅसेट जशी होती तशी ऐकवली. मग मूळ वेगाने.

खोलीत गाणं सावकाश पसरलं. हिराआत्या सुपात तांदूळ घेऊन बसली होती. पहिल्या ओळीला तिचा हात थांबला. दुसऱ्या कडव्याला तिने सूप खाली ठेवलं. तिसऱ्या कडव्याची ओळ आली आणि गेली तेव्हा ती दाराकडे बघत होती, कुणी ओळखीचं आत येतंय तसं.

“ही मी हाय,” ती म्हणाली.

बजरंगमामा आपल्या बोटांकडे बघत होते.

“परत लाव,” आत्या म्हणाली. परत ऐकून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि हसायला लागली. आधी हळू, मग तिला आवरेना. “अरं बजरंगा, म्हणजे मी मशिनीच्या मागं धावत होते रे. आणि दम लागला म्हणून बारा वर्षं स्वतःलाच शिव्या देत होते.”

“तुझं बरंय,” बजरंगमामा म्हणाले. “तुझा गळा परत आला. माझा हात गेला त्याचं काय?”

“मामा, तसं नाही,” उत्कर्षा म्हणाली.

“तसंच हाय. मी सगळ्या हडपसरला सांगत फिरतोय, हा माझा वेग. तो तर त्या शेठच्या मोटारीचा वेग निघाला.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आता मला कळलं, कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला घाम का फुटला. म्हटलं, बजरंगा, हे तू वाजवलंस? मग लोक मागायला लागले, तसंच वाजवा. घरात रोज बसायचो. कॅसेट लावून. बायको म्हणायची, घर सोडा नायतर ढोलकी सोडा. वर्षभराने हात बसला.”

उत्कर्षाने मान वर केली. “हात बसला? म्हणजे तुम्ही नंतर त्या वेगाने वाजवू लागलात?”

“मग काय करतो? लोकांना तोंड दाखवायचं होतं.”

“मामा, मग तो वेग तुमचाच आहे.”

मामांना हे पटायला थोडा वेळ लागला. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. “म्हणजे मशिनीला मी गाठलं.”

“गाठलं.”

“अन् हिराताईला जमलं नाही.”

“सुरू झालं याचं,” हिराआत्या म्हणाली. “मी गळ्यानं गाते बाबा. बोटांनी नाही.” आणि ती उठून ट्रंकेपाशी गेली. सात शाली बाजूला करून तिने तळातल्या झांजा काढल्या, काजळीसारखा काळा पडलेला त्यांचा काठ अंगठ्याने घासून पाहिला आणि उत्कर्षाच्या हातात दिल्या. “चिंच लावून घास. नीट.”

*

पण गळा आहे हे कळणं वेगळं आणि बाराएक वर्षांनी स्टेजवर उभं राहणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी आत्याला खोकलाच जास्त आला. मामांनी ढोलकी उतरवून काळी चारला लावली आणि पहिल्याच फेऱ्यात ते तिच्या पुढे निघून गेले.

“बजरंगा, कुठं निघालास?”

“सवय गं.”

“उतर खाली. शेठची मोटार गेली विकून.”

हळूहळू आवाज बसला. ओळ जमली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जमली. तरीही एका संध्याकाळी आत्या पायरीवर बसून राहिली आणि आत आली नाही. उत्कर्षा जाऊन शेजारी बसली.

“लोकांच्या कानात कॅसेट हाय,” आत्या म्हणाली. “मी माझ्या पट्टीत गायले की म्हणतील, बाई म्हातारी झाली, उतरून गाते. तू सगळ्यांना ती त्रेपन्नची गोष्ट सांगत फिरणार का?”

उत्कर्षाला क्षणभर वाटलं, हो, सांगेन. आलेखही दाखवीन. मग तिला ते चित्र डोळ्यासमोर दिसलं. दोन हजार माणसं, लाउडस्पीकर, आणि पडद्यावर घरघरीची रेघ.

“आणि पुन्हा मागनं कुणी हसलं,” आत्या म्हणाली, “तर मग मला गुणगुणताही यायचं नाही. एवढंच हाय माझ्याकडं.”

उत्कर्षाने तिचा हात धरला. आतून बजरंगमामांची हाक आली, “ताई, ढोलकी गार पडतीय. तिला शाल दिऊ का? सात हायत तुझ्याकडं.”

आत्या उठली.

धम्मदीप मात्र घायकुतीला आला होता. “आत्या, प्लीज. प्रोग्रॅम सेट आहे. मुलींचा डान्स सीडीवर आहे, जुन्या स्पीडने. तो कॅन्सल केला तर त्यांच्या आया माझं विसर्जन करतील.”

“डान्स होऊ दे की. त्याच्यावरच होऊ दे,” आत्या म्हणाली. “पोरी दमल्या की मी गाते.”

“म्हणजे कॅसेट आधी आणि तुम्ही लगेच नंतर? लोक कम्पेअर करतील.”

“करतील,” ती म्हणाली. “म्हणूनच.”

*

कार्यक्रमाला ऊन उतरता उतरता मैदान भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, स्टेजवर निळं कापड आणि बाजूला वडापावच्या दोन गाड्या. उत्कर्षाने बायकांच्या भागात, बांबूला, छोटा रेकॉर्डर बांधला. अनंतशेठ खरोखरच आले होते आणि खरोखरच शेवटच्या रांगेच्याही मागे उभे होते.

मुलींचा नाच झाला. गाणं त्याच जुन्या वेगाने दौडलं, पोरी त्याच्यामागे धावल्या आणि मैदान त्याच्यासोबत गायलं. तिसऱ्या कडव्याला नेहमीप्रमाणे सगळ्या बायका गप्प झाल्या आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मग आठवी शाल आली. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला, हिराबाई दोन शब्द बोलतील, म्हणून.

“बोलायला मी काय पुढारी हाय का,” हिराआत्या माइकमध्ये म्हणाली. “जय भीम. गाते.”

बजरंगमामांनी शाल घेतलेल्या बाईकडे बघून ढोलकीवर थाप दिली, सावकाश, आणि हिराआत्याने झांजा उचलल्या.

पहिली ओळ ऐकून पुढच्या रांगेतल्या एकदोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गाणं तेच होतं, पण खाली होतं. उत्कर्षाच्या मागे एक माणूस म्हणाला, “उतरून घेतलंय बाईंनी.” शेजारच्या दुर्गाबाईंनी, भाजीच्या गाड्यावर दिवसभर ओरडून आवाज कमावलेल्या, मागे वळून त्या माणसाकडे नुसतं बघितलं. तो मफलर नीट करायला लागला.

दुसरी ओळ, तिसरी. आवाज मैदानभर ऐसपैस बसत गेला. पहिल्या कडव्यानंतर बायका धृपदात शिरल्या, सवयीने जरा वरून, आणि मग त्यांना कळलं की वर जायची गरजच नाही. हा सूर त्यांच्या घशाच्या वाटेवरचाच होता. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा ज्या बायका फक्त ओठ हलवत होत्या त्याही गायला लागल्या. दुर्गाबाईंनी मांडीवरचं नातवंड शेजारणीला दिलं, म्हणजे नीट गाता यावं.

तिसरं कडवं सुरू झालं. आता ती ओळ. उत्कर्षाने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे हात आपोआप वर आले होते, टाळीसाठी. इतक्या वर्षांची सवय, हातांना ती पाठ होती. हिराआत्याने श्वास घेतला.

‘वर बघ पोरी...’

दोनचार टाळ्या पडल्या, इकडेतिकडे. आणि मग दुर्गाबाई, हात तसेच हवेत, गायला लागल्या. ओळ वर चढली आणि त्या तिच्याबरोबर चढल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू जिन्याला आणखी एक पायरी असेल म्हणून पाय उचलावा आणि गच्ची लागावी. शेजारीण गायली. पुढची रांग गायली. हात हवेतच राहिले, टाळी वाजवायचं कुणाला सुचलंच नाही. चौदा वर्षं जी ओळ बायकांनी कॅसेटला सोडून दिली होती ती आता सगळं मैदान म्हणत होतं, आणि स्टेजवर हिराआत्या झांजा वाजवायच्या विसरून त्यांच्याकडे बघत होती.

ओळ संपली तशी ती म्हणाली, “परत.”

परत झाली. त्यानंतर मैदानानेच तिसऱ्यांदा मागितली. बजरंगमामांना मग राहवलं नाही. शेवटच्या धृपदाला त्यांनी असा काही वेग घेतला की सगळी पोरं उभी राहिली. हिराआत्या गाणं थांबवून त्यांना एकट्याला वाजवू देत बाजूला हसत उभी राहिली. मामांनी संपवलं, कपाळ पुसलं आणि माइक ओढून म्हणाले, “हा हात कॅसेटचा न्हाई. हा माझा.” कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या जोरात पडल्या.

गर्दी पांगताना अनंतशेठ स्टेजच्या पायऱ्यांपाशी घुटमळत होते. हिराआत्याने त्यांना वरूनच ओळखलं.

“शेठ, मागं का उभं राहिला?”

“बाई, चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं.” तिने आठवी शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि मान वर करून विचारलं, “आता सीडीत किती मिनिटं मावतात?”

“ऐंशी.”

“मग सोळा मिनिटं जागा हाय की अजून. बजरंगा, ऐकलंस का? आणखी गाणी लागतील.”

दुसऱ्या दिवशी उत्कर्षाने रेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला. स्पीकरची घरघर ५०.० वर होती. हिराआत्याची पट्टी काळी चार होती. तिसऱ्या कडव्याची ओळ सुरू होण्याआधी, ती एकटी गात असताना, आणि ओळ मैदानाने उचलल्यावर, या दोन्हींमध्ये आवाजाचा फरक अकरा डेसिबल भरला, म्हणजे कानाला दुपटीहून जास्त.